सहावी पकड, पुढे गेलेला पास आणि बंकर: रग्बी लीगमधले पंचांचे निर्णय एवढे वादात का सापडतात?

सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामाट्टा किंवा पेनरिथकडे राहणाऱ्या मराठी घरांत मुलं शाळेतून रग्बी लीगचं वेड घेऊन येतात आणि आईवडील टीव्हीसमोर बसून विचारत राहतात, 'आता शिट्टी का वाजली?' २०२६ च्या विश्वचषकामुळे हा प्रश्न भारतातल्या प्रेक्षकांनाही पडू लागला आहे. उत्तर सोपं नाही, कारण बरेचदा समालोचक आणि माजी खेळाडूच आपसांत भांडत असतात. पंचाला दिसलं नाही म्हणून होणारे वाद आहेतच. पण मोठे वाद बहुतेक वेळा नियमाच्या रचनेतून येतात. पंचाने काय पाहायचं आणि कशाचा अंदाज बांधायचा, हे नियमानेच ठरवलेलं असतं, आणि या खेळात अंदाजाचा वाटा फार मोठा आहे.

आधी खेळ समजून घेऊ

मुंबईत अंधेरीला २०२५ मध्ये झालेली रग्बी प्रीमियर लीग हा रग्बी युनियनचा सात खेळाडूंचा प्रकार होता. रग्बी लीग हा वेगळा खेळ आहे. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब मूळ संघटनेतून फुटले, कारण कामगार खेळाडूंना सामन्यासाठी बुडालेली मजुरी भरून द्यायला संघटना तयार नव्हती. पुढे दोन्ही खेळांचे नियम वेगळे होत गेले.

लीगमध्ये प्रत्येक बाजूला १३ खेळाडू आणि ४० मिनिटांचे दोन भाग असतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ४ गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी २. पेनल्टी मिळाल्यावर थेट गोलवर मारलेल्या किकचेही २.

सगळ्यात महत्त्वाचा नियम सहा पकडींचा. चेंडू असलेल्या संघाला पुढे सरकण्यासाठी सहा संधी मिळतात. सहाव्या वेळी चेंडूवाला पकडला गेला की चेंडू समोरच्या संघाकडे जातो. म्हणून पाच पकडी झाल्या की बहुतेक संघ किक मारतात. पूर्वी मर्यादाच नव्हती, एकच संघ कितीही वेळ चेंडू धरून बसायचा. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये चार पकडींची मर्यादा आली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सहा झाली.

प्रत्येक पकडीनंतर पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे ढकलतो. याला 'प्ले-द-बॉल' म्हणतात. त्याच्यासमोर बचाव करणाऱ्यांपैकी जास्तीत जास्त दोघे उभे राहू शकतात. बाकीच्यांनी १० मीटर मागे जायचं.

सगळी लढाई एका सेकंदाची

हे १० मीटर मोजायला मैदानावर कुणी टेप धरत नाही. पंच स्वतः मागे पळतो, जिथे थांबतो तिथे रेषा ठरते, आणि बचावफळीने त्याच्या मागे किंवा बरोबरीने उभं राहायचं. म्हणजे पंचाला समोर प्ले-द-बॉल पाहायचा असतो आणि त्याच क्षणी दोन्ही बाजूंना पसरलेल्या दहा-अकरा जणांचे पायही पाहायचे असतात. ८० मिनिटांत हे शेकडो वेळा घडतं. पंचाची नजर समोर असताना कडेचा एखादा खेळाडू अर्धा मीटर आधी सुटला तर सीमारेषेवरचा पंच मदत करू शकतो, पण तोही लांब उभा असतो.

आता बचाव करणाऱ्याच्या बाजूने पाहा. पकडलेला माणूस झटकन उठला, तर बचावफळी अजून मागेच सरकत असते आणि पुढचा हल्ला धावत्या, विस्कटलेल्या फळीवर जातो. तोच माणूस एक सेकंद जास्त जमिनीवर दाबून ठेवला, तर फळी मागे पोचते, वळते, पुढे यायला तयार होते. त्यामुळे प्रत्येक क्लब कुस्तीचे प्रशिक्षक ठेवून हा एक सेकंद कसा मिळवायचा याचा सराव करतो. हात छातीवर, मग कमरेवर, मग उठता उठता खांद्यावर एक शेवटचा दाब. प्रत्येक हालचाल वेगळी पाहिली तर निर्दोष वाटते.

नियम म्हणतो, पकड पूर्ण झाली की सोडा. किती सेकंदांत, हे नियमात नाही. पकड पूर्ण कधी झाली हे पंच ठरवतो, वाजवी वेळ किती हेही तोच ठरवतो. दोन चांगले पंच इथे प्रामाणिकपणे वेगळे निर्णय देतील. शिवाय सगळे दोष पकडायचे म्हटले तर दर मिनिटाला शिट्टी वाजेल, म्हणून पंच सामन्याच्या सुरुवातीला एक पातळी ठरवतो आणि त्यापलीकडचंच दंडनीय मानतो. ती पातळी ७० व्या मिनिटाला सैल झाली की प्रेक्षक ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात.

सिक्स अगेन: पेनल्टी, पण अर्धीच

करोनामुळे थांबलेली ऑस्ट्रेलियाची एनआरएल स्पर्धा २८ मे २०२० ला पुन्हा सुरू झाली तेव्हा प्ले-द-बॉलच्या दोषांसाठी नवा नियम आला. शिट्टी वाजवून खेळ थांबवण्याऐवजी पंच फक्त हात वर करून खूण करतो आणि पकडींची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. याला 'सिक्स अगेन' म्हणतात. खूण जुनीच होती. बचाव करणाऱ्याने चेंडूला हात घातला तर मोजणी नव्याने सुरू होते, त्यासाठी ती आधीपासून वापरली जायची.

खेळ वेगवान झाला, पण दंडाचं मोल बदललं. स्वतःच्या २० मीटरच्या आसपास असलेल्या संघाला पेनल्टी मिळाली, तर तो चेंडू सीमारेषेबाहेर मारून ३०-४० मीटर पुढे जातो आणि तिथून नव्या सहा पकडी मिळवतो. सिक्स अगेनमध्ये मीटर मिळत नाहीत, फक्त पकडी परत मिळतात. दोष पहिल्याच पकडीवर झाला असेल, तर जवळपास काहीच परत मिळत नाही. पाचव्या पकडीवर झाला तर भरपूर मिळतं.

प्रशिक्षकांनी हिशेब लगेच केला. समोरचा संघ स्वतःच्या गोलरेषेजवळ आहे, पहिली किंवा दुसरी पकड आहे, तर जास्त वेळ दाबून ठेवा. सापडलात तरी नुकसान नगण्य, आणि तेवढ्यात फळी ताजी होते. २०२१ मध्ये १० मीटरचा दोषही सिक्स अगेनमध्ये आला तेव्हा हा सौदा आणखी स्वस्त झाला. म्हणून २०२२ मध्ये नियम दुरुस्त झाला: हल्ला करणारा संघ स्वतःच्या ४० मीटरच्या आत असेल, तर या दोषांसाठी पूर्ण पेनल्टी.

टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचा खरा त्रास वेगळा आहे. पेनल्टीला शिट्टी वाजते, पंच हाताने दोष दाखवतो, कर्णधार जाऊन विचारू शकतो. सिक्स अगेनला खेळ चालूच राहतो. कुणी काय केलं हे अनेकदा कळतच नाही. पारदर्शकतेची ही किंमत माझ्या मते फार जास्त आहे. सामना फिरवणारा निर्णय प्रेक्षकाला कारणासकट कळायला हवा.

अडवणूक: आडोशाला धावणाऱ्याचा प्रश्न

लीगमध्ये चेंडू नसलेल्या खेळाडूने बचाव करणाऱ्याची वाट अडवायची नाही. पण आजचे बहुतेक हल्ले नेमके त्या सीमेवरच चालतात. एक खेळाडू चेंडू मिळणार असल्यासारखा थेट बचावफळीवर धावतो, पास मात्र त्याच्या पाठीमागून, बाहेरच्या बाजूला उभ्या असलेल्याकडे जातो. बचाव करणारा फसव्या धावपटूकडे वळला की बाहेर जागा मोकळी होते. इथपर्यंत सगळं वैध आहे.

दोष कुठे होतो हे पाहायचं तर रीप्लेमध्ये तीन गोष्टी शोधा. फसवा धावपटू फळीत घुसून थांबला का? थांबला, तर तो भिंत झाला. त्याने बचाव करणाऱ्याच्या बाहेरच्या खांद्याला धडक दिली का? त्या खांद्याच्या बाजूनेच बचाव करणारा चेंडूकडे सरकणार असतो. आणि चेंडू घेणाऱ्याने तो फसव्या धावपटूच्या बाहेरच्या बाजूला घेतला, की आत घेऊन त्याच्या पाठीमागून आडोसा घेत धावला?

चौथी गोष्ट मात्र रीप्लेत दिसत नाही. बचाव करणारा खरंच अडवला गेला, की त्याने चुकीच्या माणसाला पकडायचं ठरवलं आणि मग पडून हात वर केले? चूक त्याच्या निर्णयाची असेल तर पेनल्टी नाही. इथे व्हिडिओ पाहणाऱ्यालाही दुसऱ्याच्या मनातलं ओळखावं लागतं. अधिकाऱ्यांनी मध्यंतरी हे प्रश्न काटेकोर निकषांत बसवायचा प्रयत्न केला. धक्का लागला की दोष, असं धरलं तर काहीही परिणाम न झालेले ट्राय रद्द होतात. परिणाम पाहा म्हटलं, तर दर आठवड्याला वेगळा निर्णय. यातून सुटका नाही. कोणता त्रास पत्करायचा एवढंच ठरवता येतं.

पास पुढे गेला, तरी वैध कसा?

पास पुढे द्यायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून ४० मीटरच्या रेषेवरून निघालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने दोन मीटर पुढे झेलला गेला की प्रेक्षागृह पेटतं. पण नियम जमिनीच्या हिशेबाने नाही. पास देणाऱ्याच्या तुलनेत चेंडू कुठे गेला हे पाहायचं असतं.

आकडे घेऊन पाहू. खेळाडू सेकंदाला ७ मीटर वेगाने पळतोय. त्याने चेंडू स्वतःच्या तुलनेत सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे टाकला. जमिनीच्या तुलनेत चेंडू अजूनही सेकंदाला ३ मीटर पुढेच चालला आहे. हवेत ०.८ सेकंद राहिला तर तो २.४ मीटर पुढे जाऊन पडेल. तेवढ्या वेळात पास देणारा, त्याला कुणी अडवलं नाही तर, ५.६ मीटर पुढे गेलेला असेल, म्हणजे चेंडू त्याच्या ३.२ मीटर मागे झेलला जाईल. पास पूर्ण वैध.

गोंधळ होतो तो पास देताच त्याला कुणी पाडलं तर. तो जागेवर थांबतो, चेंडू पुढे जातो, आणि डोळ्यांना हा उघड दोष दिसतो. त्यात कॅमेऱ्याचा कोन भर घालतो. मध्यरेषेवरचा कॅमेरा १० मीटरच्या रेषेवरचा पास तिरका पाहतो, आणि तिरक्या कोनातून पुढे-मागे ठरवणं फसवं असतं. म्हणूनच पुढे गेलेल्या पासचा निर्णय एनआरएलमध्ये व्हिडिओ पंचाच्या अखत्यारीत ठेवलेला नाही. तो मैदानावरचा पंच आणि सीमारेषेवरचे पंच हात सुटतानाची दिशा पाहून देतात. रीप्लेमध्ये स्पष्ट दिसतंय तरी कुणी बोलत का नाही, या प्रश्नाचं उत्तर हेच.

डोक्याला लागलं की

मानेच्या वर पकड बेकायदा आहे आणि मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांचे दीर्घ परिणाम कळू लागल्यापासून त्यावरची शिक्षा वाढत गेली आहे: पेनल्टी, नंतरच्या चौकशीसाठी नोंद, १० मिनिटं बाहेर, किंवा सामन्यातून कायमचं बाहेर. मे २०२१ मध्ये ब्रिस्बेनला सगळे संघ एकाच मैदानावर खेळले त्या आठवड्यात एनआरएलने एकदम कडक धोरण लावलं आणि बाहेर जाणाऱ्यांची रांग लागली. हेतू योग्यच होता. पण मोसमाच्या मध्यात पट्टी बदलल्यामुळे, मागच्या आठवड्यात जे चाललं ते या आठवड्यात का नाही, हा खेळाडूंचा प्रश्नही रास्त होता.

अशा दोषातून पेनल्टी ट्रायही मिळू शकतो. दोष झाला नसता तर ट्राय झालाच असता असं पंचाचं मत झालं, तर तो ट्राय बहाल करतो आणि पुढची किक थेट खांबांसमोरून मिळते. १९९९ चा अंतिम सामना याच नियमावर फिरला. सिडनीच्या स्टेडियम ऑस्ट्रेलियात १,०७,९९९ प्रेक्षक होते. सेंट जॉर्ज इलावारा मध्यंतराला १४-० ने पुढे होता. शेवटच्या काही मिनिटांत मेलबर्नच्या क्रेग स्मिथने गोलरेषेपलीकडे उंच किक झेलली आणि त्याच क्षणी जेमी ऐन्सकॉफच्या हाताचा डोक्यावर फटका बसून त्याची शुद्ध हरपली, चेंडू सुटला. व्हिडिओ पाहून पंच बिल हॅरिगनच्या शिट्टीवर पेनल्टी ट्राय दिला गेला. मॅट गायरने समोरून किक मारली आणि मेलबर्न २०-१८ ने जिंकला. झेललेला चेंडू फक्त टेकवायचा उरला होता, म्हणून हा निर्णय नियमाला धरूनच होता.

'मग सगळं व्हिडिओवर का सोपवत नाहीत?'

एनआरएलने २०१६ पासून सगळ्या सामन्यांचे व्हिडिओ निर्णय सिडनीतल्या एका केंद्रातून द्यायला सुरुवात केली. त्याला 'बंकर' म्हणतात. व्हिडिओसाठी निर्णय पाठवताना मैदानावरचा पंच आधी स्वतःचं मत देतो, ट्राय किंवा ट्राय नाही. ते बदलायला बंकरला पुरेसा पुरावा लागतो. क्रिकेटमधला 'अंपायर्स कॉल' ज्याला कळला त्याला हे लगेच कळेल: चित्र धूसर असेल तर मूळ निर्णय टिकतो, आणि त्यामुळे अगदी सारखे दिसणारे दोन प्रसंग दोन वेगळ्या निकालांवर संपू शकतात. आठ खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली चेंडू टेकला की नाही, हे कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही.

दुसरी अडचण शिट्टीची. ती वाजली की पुढचं सगळं निरर्थक होतं. २०१७ च्या विश्वचषकाची ऑकलंडमधली उपांत्य फेरी पाहा. टोंगा शेवटच्या काही मिनिटांत इंग्लंडविरुद्ध ०-२० वरून १८-२० पर्यंत आला. अखेरच्या क्षणी अँड्र्यू फिफिटा गोलरेषेकडे झेपावला, एलियट व्हाइटहेडच्या पकडीत चेंडू हातून सुटला. पंच मॅट सेचिनने चेंडू पुढे सांडल्याची शिट्टी वाजवली आणि व्हिडिओ न पाहता सामना संपला. टोंगाच्या चाहत्यांनी निदर्शनं केली. शिट्टी दोन सेकंद उशिरा वाजली असती तर निदान सगळे कोन तपासले गेले असते. अखेरच्या खेळात पंचांनी शिट्टी रोखून धरावी, हा त्यातून घ्यायचा व्यावहारिक धडा.

तिसरी अडचण म्हणजे व्हिडिओ कधी मागता येतो. २०२० मध्ये कर्णधारांना आव्हान द्यायची सोय मिळाली. २४ जुलै २०२२ ला टाउन्सव्हिलमध्ये वेस्ट्स टायगर्स नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजविरुद्ध २६-२५ ने पुढे होता, घड्याळात जेमतेम एक सेकंद. काउबॉइजने खेळ पुन्हा सुरू करायची किक आखूड मारली, चेंडूमागे धावणाऱ्याला टायगर्सच्या खेळाडूचा अडथळा झाला असं म्हणत आव्हान दिलं. पंचाने अडवणुकीसाठी काही दिलेलंच नव्हतं, तर आव्हान नेमकं कशाला, हा पहिला वाद. बंकरने पेनल्टी दिली, हा दुसरा. व्हॅलेंटाइन होम्सने किक मारली आणि काउबॉइज २७-२६ ने जिंकले.

'एकाऐवजी दोन पंच ठेवा ना'

ठेवले होते. २००९ पासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत एनआरएलमध्ये मैदानावर दोन पंच असत, एक १० मीटर मागे आणि एक प्ले-द-बॉलजवळ. नजर वाढली, पण आवाजही वाढले. २०१९ च्या अंतिम सामन्यात सिडनी रूस्टर्स आणि कॅनबेरा रेडर्स ८-८ बरोबरीत असताना रेडर्सच्या शेवटच्या पकडीवरची उंच किक दोन्ही संघांच्या हातांमध्ये उडाली आणि रेडर्सकडे परत आली. रूस्टर्सचा हात लागला असं समजून पंच बेन कमिन्सने हात वर करून सिक्स अगेनची खूण केली. लगेच सहकाऱ्यांनी सांगितलं की चेंडू रेडर्सच्याच खेळाडूला लागून उडाला. कमिन्सने 'शेवटची पकड' असं ओरडून निर्णय फिरवला. रेडर्सच्या जॅक वाइटनने पहिली खूण पाहिली होती, दुसरं काही त्याच्यापर्यंत पोचलं नाही. किक मारायच्या ऐवजी तो चेंडू घेऊन पकडला गेला. चेंडू रूस्टर्सकडे गेला आणि थोड्याच वेळात जेम्स टेडेस्कोने ट्राय केला. निकाल १४-८.

अंतिम निर्णय बरोबर होता. चुकली ती खूण. खेळाडू खुणेवर विसंबून अर्ध्या सेकंदात निर्णय घेतो, त्यामुळे खूण फिरवली की बरोबर निर्णयही अन्यायकारक होतो. याला तिसरा किंवा चौथा पंच हा उपाय नाही. खात्री होईपर्यंत हात खाली ठेवणं हा आहे.

'आमच्याविरुद्ध नऊ पेनल्टी, त्यांच्याविरुद्ध तीनच, म्हणजे पंच पक्षपाती'

फक्त आकड्यांवरून हे ठरत नाही. ज्या संघाने जास्त वेळ बचाव केला त्याला दोष करायला जास्त संधी मिळतात. मागे पडलेला, दमलेला संघ १० मीटर वेळेत गाठत नाही. काही संघ तर गोलरेषेजवळ मुद्दाम दोष करतात, कारण ट्रायचे ४ गुण देण्यापेक्षा पेनल्टीचे २ देणं त्यांना परवडतं. पंचाने त्यावर इशारा द्यावा आणि पुन्हा तेच झालं तर एकाला १० मिनिटं बाहेर पाठवावं, अशी सोय नियमात आहे. ती वापरायला पंच कचरतात, ही तक्रार मात्र खरी आहे.

पक्षपात तपासायचा असेल तर मोजणीऐवजी जोड्या पाहा. एकाच सामन्यात, एकाच पंचाने, सारख्या जागी सारख्या दोषावर दोन संघांना वेगळी वागणूक दिली का? असं सापडलं तर विचारायला जागा आहे.

'चूक मान्य केली, मग निकाल का बदलत नाहीत?'

काउबॉइज-टायगर्स सामन्यानंतर एनआरएलचे अधिकारी ग्रॅहॅम ॲनेस्ली यांनी बंकरने पेनल्टी द्यायला नको होती, हे जाहीरपणे मान्य केलं. टायगर्सने कायदेशीर सल्लाही घेतला. निकाल २७-२६ च राहिला.

कारण व्यावहारिक आहे. त्या सामन्यात चुकलेला तो एकच निर्णय होता असं कुणी सांगू शकत नाही. शेवटच्या सेकंदाचा निर्णय उलटवायचा, तर ३० व्या मिनिटाला न दिसलेला पुढे गेलेला पास, ५५ व्या मिनिटाला न दिलेली सिक्स अगेन, या सगळ्यांना तोच न्याय लावावा लागेल. त्यांच्यानंतर खेळ कसा वळला असता हे कुणालाच माहीत नसतं. शेवटच्या क्षणीची चूक निकाल उघडपणे फिरवते म्हणून ती मोठी दिसते. २०१३ च्या बाद फेरीत क्रोनुलाच्या बो रायनचा ट्राय चक्क सातव्या पकडीवर झाला. नॉर्थ क्वीन्सलँड १८-२० ने हरून स्पर्धेबाहेर गेला, तोही निकाल तसाच टिकला. पकडी मोजणं हे तर अंदाजाचं काम नव्हतं. तिथे नियमाला दोष देता येत नाही, आणि म्हणून नॉर्थ क्वीन्सलँडची ती तक्रार या यादीत सगळ्यात वजनदार आहे.